तान्ह्या पोळ्याचा पोरगा आणि इंकस्केप

फ्लॅट स्टाइलचं, म्हणजे सपाट रंगांचं आणि साध्या आकारांचं कॅरेक्टर काढायचं असेल ना, तर इंकस्केप हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर घ्या. फुकट आहे म्हणून नाही सांगत, या कामाला ते खरंच चांगलं आहे म्हणून सांगून राहिले. २००३ पासून सुरू आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, आणि त्यात काढलेलं चित्र तुम्ही विकलं तरी कोणी काही मागत नाही. फक्त १.३ किंवा त्यापुढचं व्हर्जन टाका, काहून ते पुढे येतंच.

मी त्यात तान्ह्या पोळ्याचा (म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पोरांच्या सणाचा) पोरगा काढला, डोक्यावर टोपी, हातात दोरी, मागे चाकांचा लाकडी नंदी, निघाला घरोघरी बोजारा, म्हणजे सणाचे पैसे-खाऊ मागायला. आपल्या नागपुरात हे चित्र सगळ्यांच्या डोळ्यासमोर असतं पण रेडिमेड स्टॉकमध्ये शोधायला गेलं की शेतकरी आणि बैलजोडीच मिळते, नंदीवाला पोरगा नाही. म्हणून स्वतःच काढायचा.

डोकं म्हणजे कंट्रोल धरून काढलेला गोल, धड म्हणजे कोपरे गोल केलेला आयत, इथपर्यंत कोणतंही सॉफ्टवेअर चालेल. खरी मजा हातापायांत आहे. हाताची आउटलाइन काढत बसू नका, पेन टूलने खांदा, कोपर, मनगट अशा तीनच नोड्सची (ओढता येणाऱ्या बिंदूंची) रेघ मारा, स्ट्रोक म्हणजे ती रेघ जाड करा, टोकाला राउंड कॅप म्हणजे गोल टोक द्या, झाला हात! आता पोझ बदलायची तर कोपराचा नोड ओढला की हात वाकतो, जाडी तशीच राहते, दोरी ओढणारा हात, बोजारा घ्यायला पुढे केलेला हात, सगळं त्याच एका रेघेतून निघतं. पोझ पक्की झाली की मगच स्ट्रोक टू पाथ करा, म्हणजे रेघेचा भरीव आकार करा, आधी नाही.

आणि आता ते १.३ चं कारण, म्हणजे शेप बिल्डर. हे टूल २०२३ मध्ये आलं आणि माझ्या मते फ्लॅट कॅरेक्टरवाल्यांसाठी त्यांनी केलेलं सगळ्यात मोठं काम हेच आहे. आधी युनियन (आकार जोडणं), डिफरन्स (वजा करणं), इंटरसेक्शन (सामाईक भाग ठेवणं) करत, दरवेळी डुप्लिकेट काढून ठेवत बसावं लागायचं. आता एकमेकांवर आलेले आकार सिलेक्ट करायचे, जे तुकडे जोडायचे त्यांच्यावरून माऊस ओढायचा, नको तो तुकडा शिफ्ट धरून उडवायचा. नंदीची शिंगं मी दोन गोलांतून अशीच कापली, गालावरची सावलीपण तशीच.

रंग पाच-सहाच ठेवा आणि ते स्वॅच म्हणून, म्हणजे नाव दिलेले ठरावीक रंग म्हणून सेव्ह करा, मग सदऱ्याचा केशरी बदलला की जिथे जिथे तो वापरलाय तिथे आपोआप बदलतो. ग्रेडियंटच्या (एका रंगातून दुसऱ्यात मिसळत जाणाऱ्या छटेच्या) नादी लागू नका, फ्लॅटपणा जातो.

मराठी टाइप करायला काही त्रास नाही, जोडाक्षरं, रफार सगळं नीट बसतं, "तान्हा पोळा" एकदम बरोबर दिसतं. यासाठी तर मी याला वेगळे मार्क देईन.

कमी पडतं ते प्रिंटमध्ये. फाइल मुळात आरजीबी (स्क्रीनच्या रंगांची) असते, सीएमवायके (छपाईच्या चार शाईंच्या रंगांची) पीडीएफ त्यातून सरळ निघत नाही, त्यासाठी स्क्रायबस नावाचं दुसरं फुकटचं सॉफ्टवेअर लागतं. पॅकेजिंगसारखं रंग अगदी काटेकोर पाहिजे असलेलं काम असेल तर हा विचार आधीच करा. दुसरं म्हणजे प्रिंटवाले बहुतेक कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरवर काम करतात आणि त्याची सीडीआर फाइल मागतात, इंकस्केप सीडीआर उघडतं पण त्यात सेव्ह करत नाही. पीडीएफ द्या, चालते, पण देण्याआधी सगळं टेक्स्ट ऑब्जेक्ट टू पाथ करून, म्हणजे अक्षरांचे आकार करून घ्या, नाहीतर त्यांच्याकडे तो मराठी फॉन्ट नसला की वेलांट्या-मात्रांचा पार गोंधळ होऊ शकतो. पाथ झाल्यावर मात्र शुद्धलेखन सुधारता येत नाही, म्हणून मूळ एसव्हीजी (इंकस्केपची स्वतःची फाइल) वेगळ्या नावाने जपून ठेवा.