‘वासा’चं १:७५ लाकडी किट: चौदा महिने करून आणि तीन महिने पाहून

किट घ्यावं का, याचं उत्तर आधी देते: जरूर घ्या, पण आयुष्यातलं पहिलं लाकडी जहाज म्हणून नको. माझं हे तिसरं. पूर्ण व्हायला चौदा महिने लागले, त्यातले पाच नुसते दोऱ्या बांधण्यात गेले.

‘वासा’ ही स्वीडनची युद्धनौका. १० ऑगस्ट १६२८ रोजी स्टॉकहोमहून पहिल्याच सफरीला निघाली आणि जेमतेम १३०० मीटर गेल्यावर वाऱ्याच्या झोतासरशी कलंडली. तोफांच्या उघड्या झडपांतून पाणी आत शिरलं. १९६१ साली तिला वर काढलं, तेव्हा ती बरीचशी शाबूत होती, कारण लाकूड पोखरणारा समुद्री किडा बाल्टिकच्या कमी खाऱ्या पाण्यात टिकत नाही. मॉडेल करणाऱ्याला हे केवढं मोठं घबाड आहे! त्या काळच्या इतर जहाजांसाठी चित्रांवरून अंदाज बांधावे लागतात, इथे खरी फळी मोजलेली आहे.

कणा आणि बरगड्या प्लायवूडच्या, लेझरने कापलेल्या. एकमेकांत इतक्या नेमक्या बसल्या की गोंद लावण्याआधीच सांगाडा उभा राहिला. त्यावर बासवूडच्या दीड मिलिमीटर जाड पट्ट्यांचा पहिला थर, वर अक्रोडाचा अर्ध्या मिलिमीटरचा दुसरा. लाकूड चांगलं आहे. पुस्तिका मात्र अगदीच तोकडी. जहाजाचा घेर मधे मोठा आणि पुढच्या टोकाला लहान, म्हणून प्रत्येक पट्टी टोकाकडे निमुळती करावी लागते. याबद्दल पुस्तिकेत एक ओळ नाही. मी पहिल्या सहा पट्ट्या आहेत तशाच दाबून बसवल्या. सातवी सहावीवर चढायला लागली. मग गरम पाण्याने गोंद सैल करून सगळ्या उतरवल्या. नंतर प्रत्येक बरगडीवर कागदाची पट्टी गुंडाळून घेर मोजला, त्याला पट्ट्यांच्या संख्येने भागलं आणि तेवढी रुंदी ठेवून रंधा मारला. वाकवण्यासाठी पट्टी वीस मिनिटं गरम पाण्यात ठेवायची, मग हळूहळू वळवायची. घाई केली की ती तंतूच्या रेषेत चिरते.

याच टप्प्यावर ‘वासा’ मला खरी कळली. तोफांचे दोन मजले चढले आणि लक्षात आलं, पाण्याखाली जाणारा भाग किती कमी आहे आणि वर केवढं लाकूड आहे. खऱ्या जहाजाच्या तळाशी सुमारे १२० टन दगड भरले होते, तरी ते पुरले नाहीत. निघण्याआधी तीस खलाशांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवून पाहिलं होतं. जहाज इतकं झुकायला लागलं की तिसऱ्या फेरीनंतर चाचणी थांबवावी लागली. हे वाचलेलं होतं, पण मॉडेल मांडीवर घेऊन पॉलिश पेपर मारताना ते हाताला समजलं. अवशेषांत चार मोजपट्ट्याही मिळाल्या आहेत: दोन स्वीडिश फुटाच्या, दोन आखूड अ‍ॅमस्टरडॅम फुटाच्या. जहाजाच्या दोन बाजू सारख्या नाहीत, त्यामागे हेही एक कारण असावं असं मानतात. त्यामुळे माझ्या मागच्या टोकाला एक मिलिमीटरचा फरक दिसला, तेव्हा मी खूप वेळ त्याच्याकडे बघत बसले. या प्रमाणात एक मिलिमीटर म्हणजे साडेसात सेंटिमीटर. शेवटी घासून सारखा केला.

किटमधली सगळ्यात कच्ची बाजू म्हणजे जहाजावर शोभेला लावायच्या ओतीव मूर्ती. चेहरे बोथट आहेत, सुईच्या कानशीने कोरून घ्यावे लागतात. खोक्यावरच्या चित्रात जहाजाच्या मागच्या भागावर मूर्तींमागची पार्श्वभूमी निळी आहे. पूर्वी तसंच समजत, पण रंगांच्या अवशेषांच्या अभ्यासातून ती लाल असल्याचं पुढे आलं. मी लाल दिली आणि मूर्ती नुसत्या सोनेरी न करता रंगवल्या. नुसत्या सोन्यात त्या एकमेकींत हरवतात.

किटमधला दोरा तंतू सुटणारा आहे. तो बदला, आणि बदललेल्यालाही मधमाशीचं मेण चोळा. डोलकाठीवर चढायच्या दोरशिड्यांच्या पायऱ्या पाच-पाच मिलिमीटरवर येतात, म्हणजे खऱ्या जहाजावर साधारण ३८ सेंटिमीटर, एका पावलाची चढण. पायरी उभ्या दोराला जिथे छेदते तिथे प्रत्येक वेळी क्लोव्ह हिच, म्हणजे दोन वेढ्यांची गाठ. गाठीला झटपट चिकटणारा गोंद लावू नका, डाग चकाकतो. पांढरा गोंद पाण्यात पातळ करून टेकवला की पुरतो.

तीन महिन्यांत दमट हवेने पुढचे दोन दोर किंचित सैल पडले, बाकी सगळं जागच्या जागी आहे. धूळ मात्र दोऱ्यांत बसते आणि ब्रशने निघत नाही, तेव्हा काचेची पेटी पहिल्या दिवसापासून हवी. मॉडेल ९२ सेंटिमीटर लांब आणि ७० उंच आहे, त्या हिशेबाने जागा आधीच मोजा.

पुस्तिकेत तोफांच्या काही झडपा बंद दाखवल्या आहेत. मी दोन्ही बाजूंच्या उघड्या ठेवल्या. त्या दिवशी ती तशीच निघाली होती.