एकपात्रीसाठी कोण निवडावी : रखमाबाई की ताराबाई शिंदे?

एकपात्रीसाठी 'सावित्रीबाई, आनंदीबाई सोडून कुणीतरी' शोधणाऱ्या मुली बहुतेक या दोघींपाशी येऊन अडतात. दोघीही १८८० च्या दशकातल्या, दोघींवरही समाजाने तोंडसुख घेतलं. रंगमंचावर मात्र त्या अगदी वेगळं मागतात.

रखमाबाईंकडे गोष्ट आहे. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लग्न, पुढे नांदायला जायला नकार, १८८४ मध्ये नवऱ्याचा मुंबई हायकोर्टात दावा. पाठीशी उभे राहिलेले सावत्र वडील, डॉ. सखाराम अर्जुन, पहिला निकाल लागायच्या आधीच वारले. १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी कौल तिच्या बाजूने दिला. अपिलात तो टिकला नाही. मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी फर्मावलं : महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. तुरुंग चालेल, पण नांदायला जाणार नाही, असं तिने ठणकावलं. 'केसरी' तिच्यावर तुटून पडला. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी दावा सोडला.

बहुतेक संहिता इथेच पडदा पाडतात, याचं मला फार वाईट वाटतं. ही बाई पुढे लंडनला शिकून डॉक्टर झाली, सुरत आणि राजकोटला कित्येक वर्षं बायकांवर उपचार करत राहिली आणि १९५५ पर्यंत जगली. कोर्टाची चार वर्षं दाखवायची आणि दवाखान्यातलं अख्खं आयुष्य गाळायचं, म्हणजे तिची ओळख पुन्हा दादाजींच्याच हाती द्यायची. शिवाय न्यायाधीश, आई, वकील असे पाच-सहा आवाज एकटीला पेलावे लागतात.

ताराबाईंचं उलटं. चरित्र मूठभर : बुलढाणा, सत्यशोधक वडील बापूजी हरी शिंदे, लग्न, मूलबाळ नाही. हाती उरतं ते 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक, १८८२ चं. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल १८८१ मध्ये फाशी सुनावली गेली, पुढे ती कमी झाली. पण त्या निमित्ताने वर्तमानपत्रांत सगळ्या बायकांच्या नीतीचाच पंचनामा सुरू झाला. ताराबाईंनी त्याला जे उत्तर दिलं ते कागदावर बसत नाही, ते मोठ्यानेच वाचावं लागतं. जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्यानंतर ताराबाईंचं एकही पुस्तक नाही. १९७५ मध्ये संशोधक स. गं. मालशे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' पुन्हा छापेपर्यंत कुणी फारसं नावही घेत नव्हतं.

प्रसंग रंगवता येत असतील आणि चाळीस मिनिटं हाती असतील, तर रखमाबाई घ्या, पण निम्मा वेळ सुरत-राजकोटला द्या. वीसच मिनिटं असतील आणि आवाज कसदार असेल, तर ताराबाई. नेपथ्य नको, एक कंदील पुरे. शेवटी पुस्तक मिटून मिनिटभर गप्प उभं राहायचं, एवढं मात्र जमवा.