कुलेब्रा की सेंट जॉन? किनाऱ्यावरून स्नॉर्केलिंग करणाऱ्यांसाठी

आई-बाबा भारतातून सहा महिन्यांसाठी आले की नायगारा होतो, वॉशिंग्टन होतं, आणि मग घरात कोणीतरी म्हणतं, "एकदा यांना समुद्राखालचंही दाखवूया." अशा वेळी मला विचारणाऱ्यांच्या अटी साधारण सारख्याच असतात. बेट शांत हवं, स्नॉर्केलिंगला, म्हणजे मास्क आणि तोंडात नळी लावून तरंगत खालचं पाहायला, किनाऱ्यावरूनच पाण्यात उतरता यायला हवं, आणि रोज बोटीच्या सहलीवर पैसे घालायचे नाहीत. मी दोनच नावं सांगते: पोर्तो रिकोचं कुलेब्रा आणि यूएस व्हर्जिन आयलंड्समधलं सेंट जॉन. दोन्हीकडे मी मुक्काम करून आले आहे.

दोन्ही बेटं अमेरिकेचीच, त्यामुळे वेगळा व्हिसा लागत नाही. फरक परतताना जाणवतो. पोर्तो रिकोहून निघताना बॅगांत फळं-रोपं आहेत का एवढं तपासतात. सेंट जॉनहून परतताना मात्र शेजारच्या सेंट थॉमस बेटावरून विमान धरायचं असतं, आणि तिथल्या विमानतळावर इमिग्रेशनची खिडकी असते. ग्रीन कार्ड किंवा पासपोर्ट आणि एच-वन-बीचे कागद जवळच ठेवा.

पोचायला सेंट जॉन सोपं. तिथे विमानतळ नाही, पण सेंट थॉमसला उतरलात की टॅक्सीने अर्ध्या-पाऊण तासात रेड हुकचा धक्का, आणि तिथून वीसेक मिनिटांत फेरीबोट सेंट जॉनच्या क्रूझ बेला लावते. दिवसभर फेऱ्या चालू असतात, एक चुकली तर पुढची मिळते. कुलेब्राला जाताना पोर्तो रिकोची राजधानी सान हुआन इथून तास-सव्वा तास गाडीने सेइबाच्या धक्क्यावर यायचं आणि फेरी धरायची. तिकीट जेमतेम सव्वादोन डॉलर, म्हणून मागणी प्रचंड, आणि बेटावर राहणाऱ्यांना आधी जागा. ते योग्यच आहे. त्यांचा दवाखाना, बाजार सगळं त्याच बोटीवर अवलंबून आहे. तुम्ही तिकीट आधी काढा आणि परतीच्या विमानाआधी एक रात्र सान हुआनला राखा. भाड्याची गाडी बोटीवर चढवायच्या फंदात पडू नका, बहुतेक कंपन्या परवानगी देत नाहीत. आई-बाबा बरोबर असतील तर छोटं विमान परवडतं. अर्ध्या तासाचं उड्डाण, आणि खाली प्रवाळाचे पट्टे नकाशासारखे दिसतात.

आता पाण्याबद्दल. माझं मत इथेच ठरलं.

कुलेब्राची लोकवस्ती दोन हजारांच्या आत. फ्लॅमेंको हा तिथला प्रसिद्ध किनारा, अर्धचंद्राकार आणि पांढराशुभ्र, पण स्नॉर्केलिंगसाठी तो पहिल्या पसंतीचा नाही. तुम्ही जा पश्चिमेच्या तामारिंदोला. वारा पूर्वेकडून येतो, त्यामुळे ही बाजू आडोशाला असते. किनारा दगडगोट्यांचा, सावली बेताची, दुकान एकही नाही. पण कमरेइतक्या पाण्यापलीकडे समुद्रगवताचं कुरण सुरू होतं आणि त्यात हिरवी कासवं चरत असतात. चरतात हा शब्द मी विचार करून वापरतेय. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एक कासव मान तिरकी करून गवताची पाती तोडत होतं, अगदी बांधावरच्या गाईसारखं. पाठीवर एक लांबोडका मासा चिकटलेला. चार-पाच मिनिटांनी ते सावकाश वर आलं, नाक बाहेर काढून श्वास घेतला आणि त्याच जागी परत उतरलं. मी हात जवळ घेऊन नुसती तरंगत राहिले. त्या श्वासाचा आवाज मला अजून आठवतो.

हा पट्टा 1999पासून लुइस पेन्या चॅनेल या राखीव क्षेत्रात आहे आणि तिथे मासेमारीला बंदी आहे. फ्लॅमेंकोच्या वाहनतळावरून टेकडी ओलांडून वीस-पंचवीस मिनिटं चाललं की कार्लोस रोसारिओचा किनारा येतो. तिथे प्रवाळाची भिंत किनाऱ्यापासून इतकी जवळ आहे की पोहायचे कष्ट फारसे पडत नाहीत. वाटेत न फुटलेल्या बॉम्बबद्दल इशाऱ्याच्या पाट्या दिसतील, त्या गांभीर्याने घ्या. अमेरिकन नौदल हे बेट तोफा आणि बॉम्बच्या सरावासाठी वापरत होतं. बेटावरच्या लोकांनी 1971मध्ये फ्लॅमेंकोवर ठाण मांडलं आणि 1975मध्ये नौदलाचा सराव थांबला. नौदलाचे गंजलेले रणगाडे अजून वाळूत आहेत. जमिनीवर किंवा पाण्याखाली धातूचं काही दिसलं तर हात लावायचा नाही, मुलांना आधीच बजावून ठेवा.

सेंट जॉनचं बळ वेगळं आहे. बेटाचा निम्म्याहून जास्त भाग 1956पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि एका रस्त्यावर किनारेच किनारे आहेत. उत्तरेकडून लाटा आल्या तर दक्षिणेच्या सॉल्ट पाँडला जायचं, दक्षिणेला वारा असेल तर उत्तरेला. एक दिवसही वाया जात नाही. ट्रंक बेला पाण्याखाली माहितीच्या पाट्या लावलेली पायवाट आहे, शिवाय स्वच्छतागृह, शॉवर आणि भाड्याने मास्क. शिकायला ती जागा चांगली, पण सेंट थॉमसला क्रूझ जहाज लागलं की दहानंतर तिथे शांतता विसरा. माहो बेला रस्ता किनाऱ्याला चिकटून आहे, पाणी उथळ आणि तळ वाळूचा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना याहून सोयीची जागा मला माहीत नाही. कासवं इथेही येतात.

माझी सर्वांत आवडती जागा वॉटरलेमन, किनाऱ्याजवळचं एक छोटं बेट. अ‍ॅनाबर्गच्या साखर कारखान्याच्या अवशेषांपासून किनाऱ्याने मैलभर चालायचं. मास्क चढवायच्या घाईत अवशेष टाळू नका. भिंतींमध्ये दगडांबरोबर प्रवाळाचे तुकडे बसवलेले आहेत, मेंदूसारख्या वळ्या स्पष्ट दिसतात. डेन्मार्कच्या अमलात गुलाम केलेल्या आफ्रिकन लोकांच्या हातांनी रचलेल्या या भिंती. 1733मध्ये याच बेटावर त्यांनी बंड केलं आणि काही महिने बेट ताब्यात ठेवलं. हे पाहून पाण्यात उतरलं की खालचं प्रवाळ वेगळं दिसतं. मात्र या छोट्या बेटाच्या बाहेरच्या अंगाला प्रवाहाची ओढ असते, पट्टीचे पोहणारे नसाल तर आतल्या बाजूनेच फिरा.

प्रवाळाबद्दल खरं सांगायला हवं. प्रवाळाच्या ऊती झडून जाण्याचा रोग 2019-20च्या सुमारास दोन्ही ठिकाणी पोचला, आणि त्याआधी 2017च्या चक्रीवादळांचा मार बसला होता. जुन्या फोटोंतले रंग मनात धरून जाऊ नका. मासे, कासवं, शंख भरपूर आहेत. जे प्रवाळ उरलंय त्यावर फिन्स (पायांत घालायची वल्ही) टेकवून उभं राहू नका, एवढी कळकळीची विनंती. व्हर्जिन आयलंड्समध्ये ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट आणि ऑक्टोक्रिलीन असलेल्या सनस्क्रीनवर 2020पासून बंदी आहे. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घातला की प्रश्नच मिटतो.

खर्चात कुलेब्रा बरंच हलकं. सेंट जॉनला राहणं, खाणं, जीप, सगळं महाग, आणि गाडी डावीकडून चालवायची. आपल्याला ते घरचंच वाटतं, फक्त स्टिअरिंगही डावीकडेच असतं. शाकाहारींनी दोन्हीकडे स्वयंपाकघर असलेली जागा घ्यावी. आम्ही दशम्या, मेतकूट आणि पोहे घेऊन गेलो होतो, कुलेब्राला त्यांनीच तारलं.

बाबांच्या मास्कमध्ये सारखं पाणी शिरत होतं. कारण मिशा. वरच्या ओठावर व्हॅसलीनचा हलका थर लावला आणि गळती थांबली. पोहता न येणाऱ्यांना फुगवायचं जॅकेट द्याच, आणि पहिली वीस मिनिटं उभं राहून फक्त चेहरा पाण्यात घालायला सांगा.

डिसेंबर ते मार्च उत्तरेकडच्या किनाऱ्यांवर मोठ्या लाटा येऊ शकतात. तेव्हा तामारिंदो किंवा सॉल्ट पाँड बरे. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेर वादळांचा भर, तेव्हा नकोच. मे-जून मला सर्वांत आवडतात.

ज्येष्ठ मंडळी, लहान मुलं किंवा पहिल्यांदाच पाण्यात उतरणारं कोणी बरोबर असेल तर सेंट जॉन घ्या, खर्च झाला तरी, आणि चार रात्री तरी राहा. दोघंच असाल, पोहता येत असेल, एखादा दिवस बोटीच्या भरवशावर सोडायची तयारी असेल, तर कुलेब्रा. तामारिंदोला सकाळी आठच्या आत पोचा. पाणी आणि खाणं बरोबर न्या, आणि कचरा परत आणायला एक पिशवी.