यांगलिउचिंगची नववर्षचित्रं: दार, भिंत आणि चूल

चीनमधल्या तियानजिन शहरात नोकरीनिमित्त राहतो; चित्रांसाठी प्रसिद्ध यांगलिउचिंग गाव इथलंच. चिनी नववर्षाच्या आधी लाकडी ठशांची रंगीत चित्रं, म्हणजे नियानहुआ, घरात तीन ठिकाणी लावली. आता दिवाळी आलीय, तेव्हा कुठलं किती टिकलं ते लिहितो.

दारावर चिन च्योंग आणि युची गोंग. थांग सम्राट ताइझोंगला भुतांमुळे झोप येईना, तेव्हा हे दोन सेनापती दाराशी उभे राहिले आणि पुढे त्यांची चित्रंच लावू लागले, अशी कथा. दोघांनी एकमेकांकडे बघायला हवं, हे शेजारच्या आजींनी आधीच बजावलं. ही जोडी शानतुंग प्रांतातल्या यांगजियाबू गावची, दर रंगाला वेगळा ठसा. मैद्याच्या खळीने चिकटवली. गुलाबी रंग उन्हाने पार उडाला, काळ्या रेषा मात्र शाबूत. ही तक्रार नाही. आपण श्रावणात जिवतीचा नवा कागद आणतो, जुन्याचा रंग गेला म्हणून दुकानदाराशी भांडत नाही.

भिंतीवरचं खरं यांगलिउचिंगचं: मासा कवटाळलेलं गुटगुटीत बाळ आणि कमळ. तिथे बाह्यरेषा ठशाने उमटवतात. शाई लावलेल्या ठशावर कागद ठेवून पाठीवरून तंतूंचा ब्रश फिरवायचा, यंत्र नाहीच. मग चेहरा, कपडे कुंचल्याने रंगवतात. बाळाच्या गालावरची लाली कडेला विरत जाते ना, पैसे त्याचे. दुकानात ऑफसेटच्या, म्हणजे यंत्रावर छापलेल्या, नकलाही याच नावाने विकतात. भिंग धरा, बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ठेवून द्या. पावसाळी दमटपणात कागद किंचित लहरला, पण रंग जसाच्या तसा. ऊन लागू दिलं नाही, त्याचंही श्रेय आहेच.

चुलीच्या देवाचं चित्र ओट्यावर. रोज फोडणी देणाऱ्या घरात ते होळीपर्यंतच तेलकट पिवळं झालं. इथे महागडं लावणं म्हणजे वेडेपणा. तसंही उत्तर चीनमध्ये बाराव्या चांद्रमासाच्या २३ तारखेला त्याच्या ओठांना गोड लावून, स्वर्गात जाऊन आमच्याबद्दल बरं बोल म्हणत, चित्र जाळतात.

तेव्हा दार आणि चुलीसाठी साधे छापे, पैसे फक्त भिंतीवरच्या चित्रावर. भारतात न्यायचं असेल तर फ्रेम इथे करू नका, नळीत गुंडाळून न्या. घडी अजिबात नको. घडीवर रंगाचा पापुद्रा तडकतो.