चव उत्तम, भटारखाना धोक्याचा: एका उपाहारगृहाचे परीक्षण आणि एका तक्रारीचा निर्णय

ज्या उपाहारगृहाविषयी मी हे लिहीत आहे, तेथील जेवण चविष्ट आहे, वाढपी अदबीने वागतात आणि ताटे वाफाळती येतात, हे आधी नोंदवते. कारण पुढे जे लिहायचे आहे त्याचा चवीशी काहीही संबंध नाही. तेथील भटारखान्यात दिसलेल्या अस्वच्छतेबद्दल मी अन्न सुरक्षेचे काम पाहणाऱ्या कार्यालयाकडे लेखी तक्रार केली आहे. तक्रार करावी की गुपचूप तेथे जाणे सोडून द्यावे, हा प्रश्न बाहेर जेवणाऱ्या प्रत्येकापुढे केव्हा ना केव्हा उभा राहतो आणि बहुतेक जण कानाडोळा करून बिल चुकते करतात, म्हणून तो मी कसा सोडवला ते सविस्तर मांडते. तपासणी अद्याप व्हायची असल्याने उपाहारगृहाचे नाव दिलेले नाही. अधिकाऱ्यांनी पाहण्याआधी लोकांनी निकाल लावून मोकळे व्हावे, हे मला न्याय्य वाटत नाही.

बसण्याची जागा आणि भटारखाना यांच्यामध्ये अर्धी भिंत व तिच्यावर काच आहे, त्यामुळे कडेच्या टेबलावरून आतले बरेच काही दिसते. हात धुण्याचे बेसिन भिजत घातलेल्या डावांनी आणि भांड्यांनी इतके भरलेले होते की नळाखाली हात जाईल एवढीही जागा उरली नव्हती, आणि साबण आसपास कोठेही दिसत नव्हता. आम्ही जेवून उठेपर्यंत तेथे कोणी हात धुतले नाहीत. धुवायचे मनात आणले असते तरी धुता आले नसते. आचाऱ्याने हातमोजे घातलेले होते. त्याच हातमोज्यांनी त्याने कच्च्या चिकनचे तुकडे उचलून भांड्यात टाकले, फोन घेतला, कचऱ्याच्या डब्याचे झाकण उघडले आणि लगेच शेजारच्या टेबलाकडे निघालेल्या ताटावर काकडी-टोमॅटोच्या चकत्या हाताने मांडल्या. त्याच्या खांद्यावर एक फडके होते. त्याने सुरी पुसली, ओटा पुसला, कपाळाचा घाम टिपला, आणि ताट बाहेर पाठवण्यापूर्वी कडेला सांडलेला रसही त्याच फडक्याने पुसून घेतला.

याखेरीज दाराशेजारी शिजलेल्या भाताचे एक मोठे पातेले होते. आम्ही आलो तेव्हा ते शेगडीवरून उतरवलेले होते आणि निघालो तेव्हाही तेथेच, अर्धवट झाकलेले होते. वाढप्याला सहज विचारले, तेव्हा त्याने सांगितले की रात्रीच्या गिऱ्हाइकांसाठीही हाच भात लागेल तसा गरम करून देतात.

यांतली कोणती गोष्ट ओंगळ आहे आणि कोणती घातक, हा भेद करणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण आपली किळस आणि खरा धोका नेहमी एकाच ठिकाणी नसतात. ताटात केस निघाला की आपण ताट परत पाठवतो, परंतु केसामुळे आजारी पडण्याची शक्यता फार थोडी असते. भिंतीवरची काजळी, तुटलेली फरशी, जुनाट पंखा हे पाहून मन उडते, पण त्यातून पोटात काही जात नाही. याउलट पातेल्यातला तो भात पांढराशुभ्र, मोकळा आणि दिसायला अगदी निर्दोष होता, आणि त्या भटारखान्यातल्या सर्वांत धोकादायक वस्तूंपैकी तो एक होता, असे माझे मत आहे.

त्याचे कारण बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूत आहे. या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक कवचातली सुप्त रूपे, तांदळात स्वाभाविकपणे असू शकतात आणि भात शिजवताना ते मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन् तास राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या घडवणारे हे विष उष्णतेला दाद देत नाही. त्यामुळे रात्री तोच भात वाफ येईपर्यंत गरम केला तरी जिवाणू मरतील, विष मात्र तसेच राहील, आणि खाणाऱ्याला साधारण १ ते ६ तासांत उलट्या सुरू होतील. स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूचेही असेच आहे. तो अनेक निरोगी माणसांच्या नाकात आणि त्वचेवर असतो, हातावाटे अन्नात उतरतो आणि त्याचेही विष पुन्हा गरम केल्याने नाहीसे होत नाही. ‘गरम करून दिले की झाले’ हा समज घरोघरी आहे, तो व्यवसायातही आहे, आणि तो चुकीचा आहे हे मला येथे ठासून सांगावेसे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये सुरक्षित अन्नासाठी जी पाच सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांत शिजलेले अन्न सामान्य तापमानाला २ तासांपेक्षा जास्त ठेवू नये, ते ५ अंश सेल्सियसच्या खाली किंवा ६० अंशांच्या वर ठेवावे, आणि कच्चे व शिजलेले अन्न वेगळे ठेवावे, असे स्पष्ट सांगितले आहे. आम्ही पाहिलेल्या भटारखान्यात यांतले एकही सूत्र पाळले जाताना दिसले नाही.

जेवण आटोपल्यावर मी गल्ल्याजवळ व्यवस्थापकांना बाजूला घेऊन, इतर गिऱ्हाइकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात, जे दिसले ते सांगितले. आधी त्यांच्याशी बोलणे मला आवश्यक वाटले, कारण बेसिन रिकामे करणे आणि साबण ठेवणे ही पाच मिनिटांची कामे आहेत आणि त्यासाठी सरकारी कागद कशाला हवा? त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, रागावले नाहीत. ‘सॅनिटायझरची बाटली ठेवलेली आहे, मुलांनी हातमोजे घातलेले आहेत, आणि इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आलेली नाही,’ असे त्यांचे म्हणणे पडले.

या उत्तरानेच माझा निर्णय पक्का केला, आणि त्याचे कारण उद्धटपणा नव्हे; तो त्यात मुळीच नव्हता. अडचण अशी की त्यांना जे पुरेसे वाटत होते ते पुरेसे नव्हते आणि ते त्यांना ठाऊक नव्हते. तेलकट, मळलेल्या हातांवर सॅनिटायझरचा प्रभाव कमी पडतो, आणि उलट्या-जुलाबांचे एक प्रमुख कारण असलेल्या नोरोव्हायरसवर तर अल्कोहोलच्या सॅनिटायझरपेक्षा साबण-पाण्याने हात धुणेच अधिक परिणामकारक ठरते. हातमोज्यांबद्दल वर लिहिलेच आहे. न बदललेला हातमोजा उघड्या हाताइतकाच मळतो, फक्त घालणाऱ्याला ते जाणवत नाही, म्हणून तो हात धुवायलाही जात नाही.

‘एकही तक्रार नाही’ हा दावा तर मला सर्वांत दुबळा वाटला. अन्नातून होणारे आजार गिऱ्हाइकाला खाल्ल्या ठिकाणीच गाठत नाहीत. नोरोव्हायरसची लक्षणे बहुधा १२ ते ४८ तासांनी दिसतात, साल्मोनेला या जिवाणूची ६ तासांपासून ६ दिवसांपर्यंत केव्हाही, कॅम्पिलोबॅक्टर या दुसऱ्या जिवाणूची साधारण २ ते ५ दिवसांनी, आणि हिपॅटायटिस ए या काविळीची १५ ते ५० दिवसांनी. मंगळवारी मुरडा आलेला माणूस सोमवारी रात्री घरी काय खाल्ले ते आठवतो, शनिवारच्या हॉटेलचे नाव त्याच्या मनातही येत नाही. म्हणून तक्रार आली नाही याचा अर्थ कोणी आजारी पडले नाही, असा होत नाही. याच कारणाने, आम्हांला त्या जेवणानंतर काहीही त्रास झाला नाही, ही गोष्टही मी उपाहारगृहाच्या बाजूने धरली नाही. तक्रार करण्यासाठी आधी आपण आजारी पडले पाहिजे, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात डोळ्यांनी पाहिलेली धोकादायक पद्धत ही तक्रारीला पुरेशी असते, आणि कोणी आजारी पडण्यापूर्वी केलेली तक्रारच अधिक उपयोगी पडते.

तरीही मन कचरत होते, हे खरे. दोन आचारी चार-पाच जणांचे काम करत होते, बाहेर टेबले भरलेली होती, आणि अशा गर्दीत दर वेळी हात धुवायला थांबण्याची मुभा त्यांना कोणी दिलेली असेल असे वाटत नव्हते. आपण कागद खरडायचा आणि कोणाच्या तरी पोटावर पाय आणायचा, ही भीती रास्त आहे. परंतु तपासणी म्हणजे लगेच टाळे, असे सहसा होत नाही; अधिकारी आधी सुधारणेसाठी सूचना व मुदत देतात, आणि लोकांच्या जिवाला तातडीचा धोका दिसला तरच बंदीसारखी कारवाई करतात. भरलेले बेसिन हा मी आचाऱ्याचा अपराध मानत नाही. भांडी भिजवायला दुसरी जागा नाही, माणसे अपुरी आहेत आणि शिकवलेले कोणी नाही, हा मालकाच्या व्यवस्थेतला दोष आहे, आणि तो नोकराने बोलून दाखवणे कठीण असते. बाहेरच्या माणसाने बोलून दाखवला तर कदाचित त्या दोघांचेच काम सुसह्य होईल.

मग हे सारे केवळ परीक्षणात लिहून, एक तारा देऊन का थांबले नाही? कारण परीक्षण लिहिणाऱ्याला काचेपलीकडचे तेवढेच दिसते. फ्रीज उघडून आत तापमापक घालणे, कच्चे मांस कोठल्या फळीवर आहे ते पाहणे, पाण्याच्या टाकीत डोकावणे, कामगारांच्या प्रशिक्षणाचे कागद मागणे हे अधिकार माझ्याकडे नाहीत, ते तपासनिसाकडे आहेत. शिवाय परीक्षण वाचून दहा माणसे दुसरीकडे जातील, पण जे वाचत नाहीत ते तेथेच जेवतील आणि बेसिन भरलेलेच राहील. आणखी एक गोष्ट मला निर्णायक वाटली: एका गिऱ्हाइकाला आपला प्रसंग एकटा दिसतो, पण त्याच जागेबद्दल निरनिराळ्या लोकांच्या नोंदी आल्या तर त्यांचा परस्परसंबंध फक्त त्या कार्यालयालाच कळू शकतो. आपल्याकडची माहिती अपुरी आहे म्हणून ती न कळवणे, यात तो धागाच तुटतो.

प्रत्येक गोष्टीसाठी मी कार्यालय गाठले नसते. अन्नात एखादे वेळी माशी पडली, पेल्याला डाग राहिला, कोशिंबिरीत वाळूचा कण लागला, तर वाढप्याला सांगावे आणि त्यांनी काय केले ते पाहावे. मी स्वतःला एवढेच विचारले की जे दिसले ते उद्याही असेच असेल का. ज्या ठिकाणी हात धुण्याची सोयच नाही तेथे उद्याही हात धुतले जाणार नाहीत. ज्या ठिकाणी दुपारचा भात रात्री देणे हा नेहमीचा रिवाज आहे तेथे तो उद्याही दिला जाईल. भर दिवसा भटारखान्यात झुरळ फिरताना दिसले तर तेही मी याच गटात धरीन, कारण झुरळे अंधारात बाहेर पडणारी असतात आणि उजेडात, वर्दळीत दिसू लागली म्हणजे त्यांची संख्या बरीच वाढलेली असण्याचा संभव असतो. उंदरांच्या लेंड्या, अन्न हाताळणाऱ्याला उलट्या-जुलाब होत असतानाही त्याला कामावर ठेवणे, किंवा एकाच टेबलावरच्या अनेकांना एकाच वेळी त्रास होणे, यांसाठी तर थांबूच नये.

तक्रार लिहिताना मी विशेषणे कटाक्षाने टाळली. ‘घाणेरडा भटारखाना’ असे लिहिल्याने अधिकाऱ्याला काहीच कळत नाही. ‘हात धुण्याच्या बेसिनमध्ये भांडी होती, साबण नव्हता, कच्च्या चिकननंतर त्याच हातमोज्यांनी कापलेली काकडी वाढली’ असे लिहिले की काय तपासायचे ते कळते. तारीख, वेळ, टेबलाची जागा आणि बिलाची प्रत जोडली, व्यवस्थापकांशी झालेले बोलणे आणि त्यांनी दिलेले उत्तरही लिहिले, आणि भात किती वेळ बाहेर होता याबद्दल स्वतः पाहिलेले व वाढप्याने सांगितलेले वेगवेगळे नोंदवले. त्या वाढप्याची ओळख पटेल असे काही लिहिले नाही. बेसिनचे छायाचित्र दिले, पण त्यात कोणाही कामगाराचा चेहरा येऊ दिला नाही.

ज्यांना खरोखर त्रास झाला आहे त्यांनी मात्र तक्रारीआधी डॉक्टर गाठावा. शक्य असेल तर प्रतिजैविके सुरू होण्यापूर्वी शौचाचा नमुना द्यावा, कारण रोगजंतू प्रयोगशाळेत सापडला तरच त्याचा मागोवा घेता येतो. बांधून आणलेले अन्न उरले असेल तर ते फेकू नये, झाकून फ्रीजमध्ये वेगळे ठेवावे. कोणी चुकून खाणार नाही अशी चिठ्ठीही लावावी. शेवटच्या जेवणावर खापर फोडण्याआधी मागच्या काही दिवसांत काय काय खाल्ले ते आठवून लिहावे. उपाहारगृहावर अन्याय होऊ नये यासाठीही हे आवश्यक आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या अंदाजानुसार दूषित अन्नामुळे जगात दर वर्षी सुमारे ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४,२०,००० मृत्युमुखी पडतात. त्यांत पाच वर्षांखालील मुले १,२५,००० आहेत. माझ्यासारख्या धडधाकट माणसाचे दोन दिवस वाया जातील एवढ्याच जंतूंनी एखाद्या लहान मुलाच्या शरीरातले पाणी कमी होऊन त्याला रुग्णालयात न्यावे लागते. त्या दिवशी आमच्या पलीकडच्या टेबलावर एक तान्हे मूल आईच्या मांडीवर बसून भाताची शिते वेचून खात होते.

तेव्हा परीक्षण म्हणून माझे मत असे. चवीला पाचपैकी चार, सेवेला चार, स्वच्छतेला शून्य. आणि या तिन्हींची सरासरी काढून ‘ठीक आहे’ म्हणण्यास मी तयार नाही. तूर्त लहान मुले, गर्भवती, वयस्क माणसे आणि ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे किंवा आजारामुळे कमी झाली आहे त्यांना मी येथे नेणार नाही. इतरांनी गेलेच तर कच्च्या भाज्या आणि भात टाळावा, समोर नुकतेच शिजवलेले मागवावे, आणि कडेच्या टेबलावर बसून ते बेसिन रिकामे झाले आहे का ते अवश्य पाहावे.