संत्र्याची सालं, रिठा आणि बोअरचं पाणी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या दिवाळीच्या साफसफाईत आमच्या कामवाल्या मावशींनी संडासात ॲसिड ओतलं आणि डाग निघेना म्हणून वरून ब्लीचिंगचं पाणी टाकलं. दार लोटलेलं होतं. दोन मिनिटांत त्या खोकत बाहेर आल्या, डोळे लाल, आवाज बसलेला. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, हे मला माहीत होतं. तरी दोन्ही बाटल्या मीच आणून एका फळीवर शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. गॅलरीत बसवून त्यांना पाणी दिलं, तेव्हा त्यांचे हात पहिल्यांदा नीट पाहिले. पेरांवर भेगा, अंगठ्याची साल निघालेली. चार घरचं फिनाईल आणि चार घरची भांडी त्याच हातांखालून जातात.

तेव्हापासून घरातली एकेक बाटली बदलत गेले. आता जुलै संपतोय, म्हणजे हिवाळा, मे महिन्यातला पंचेचाळीसचा पारा आणि अर्धा पावसाळा, तिन्ही ऋतूंत वापरून झालं.

आधी पाण्याचं सांगते, कारण निम्मं यश-अपयश त्यातच आहे. आम्ही नागपूरच्या नंदनवन भागात राहतो. प्यायला नळ, बाकी सगळ्याला बोअर. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर. साधा साबण त्याच्याशी मिळून चिकट साका धरतो, तो कपड्यात बसतो आणि कपडे कडक होतात. म्हणून 'नैसर्गिक साबणाचा चुरा' म्हणून मी आणलेली पहिली महागडी पुडी दोन आठवड्यांत बाजूला पडली. चूक चुऱ्याची नव्हती, पाण्याची होती. आता आधी मशीनमध्ये दोन चमचे धुण्याचा सोडा टाकते, तो पाण्यातला चुना खाली बसवतो, मग रिठ्याचं पाणी.

रिठा इतवारीच्या किराणा ओळीतून सुटा आणते. पंधरा-वीस रिठे फोडून बिया काढायच्या, टरफलं रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवायची, सकाळी वीस मिनिटं उकळायची, कोमट झाल्यावर हाताने कुस्करून गाळायची. गंजात (पातेल्यात) तपकिरी, चहासारखं पाणी उरतं आणि हलवलं की वर बारीक फेस धरतो. वास मात्र आंबूस, गोड नाही. पहिल्या दिवशी मावशी म्हणाल्या, "बाई, हे तर फेसच नाही देऊन राहिलं, भांडी कशी निघन?" निघाली. चहाची, भाताची, दुधाची अगदी स्वच्छ. भज्यांची कढई नाही निघाली. तिला आधी राखेने पुसायचं, मग कढत पाणी आणि चिमूटभर धुण्याचा सोडा. हा सोडा जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, भांड्याला लावू नका, भांडं काळं पडतं. आमचा एक डबा तसा गेला. रिठ्याचं पाणी मेमध्ये बाहेर ठेवलं तर दुसऱ्या दिवशी खराब. फ्रीजमध्ये पाच-सहा दिवस टिकतं. पांढरे शर्ट आणि शाळेच्या गणवेशाची कॉलर रिठ्याने उजळत नाही, हेही सांगून ठेवते. त्यांच्यासाठी महिन्यातून दोनदा फॉस्फेट नसलेली पावडर वापरते.

संत्र्याच्या सालीचं एन्झाइम, म्हणजे सालं आंबवून केलेलं सफाईचं पाणी, हा माझा सगळ्यात आवडता भाग. डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री घरोघरी असतात आणि सालं कचऱ्यात जातात. एक भाग गूळ, तीन भाग सालं, दहा भाग पाणी, मोठ्या प्लास्टिकच्या बरणीत, वर थोडी जागा ठेवून. पहिला महिना रोज झाकण सैल करून हवा काढायची, मग तीन महिने होईपर्यंत तसंच ठेवायचं. काचेच्या बाटलीत करू नका, आतला वायू साठून ती फुटते. मार्चमध्ये गाळलं तेव्हा पहिल्या पावसातल्या आंबट फळबागेसारखा वास सगळ्या स्वयंपाकघरात भरला. बादलीत दोन झाकणं टाकून फरशी पुसली की चिकटपणा राहत नाही आणि फिनाईलने चढायचं तसं डोकं चढत नाही.

पण हे आम्लच आहे, हे मी विसरले. आमचा ओटा कडप्प्याचा. एकदा तेलाचा डाग घालवायला एन्झाइम पाण्यात न मिसळता तसंच ओतलं आणि दहा मिनिटांनी पुसलं. तळहाताएवढा पांढुरका चट्टा पडला, तो अजून आहे. कडप्पा काय, शहाबादी फरशी काय, हे चुनखडीचे दगड. आम्ल त्यांना खातं. जुन्या घरात शहाबादी असेल तर हे अजिबात वापरू नका, रिठ्याच्या पाण्यानेच पुसा. संगमरवराचंही तेच.

नळाच्या तोटीवरचा, कूलरच्या टाकीतला पांढरा थर मात्र आम्लानेच निघतो. लिंबूसत्व, लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे, कापड भिजवून तोटीला अर्धा तास गुंडाळायचं. पूर्वी यासाठी ॲसिड आणत होतो. कूलरचा पंप याच्यात फिरवून घेतला तर जाळी मोकळी झाली. पण डासांच्या अळ्यांवर एन्झाइम किंवा लिंबूसत्वाचा भरवसा धरू नका. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, कडा घासून, वाळवायचीच. डेंगूच्या दिवसांत याला दुसरा पर्याय नाही. आणि व्हिनेगरमध्ये खायचा सोडा मिसळून फेस काढण्याची जी पद्धत सगळीकडे दाखवतात, त्यात दोघं एकमेकांना निकामी करतात आणि हाती खारं पाणी उरतं. वेगवेगळे वापरा.

अंगाला लावायच्या गोष्टींत मी कमी बदल केले. शिकेकाई-रिठा माझ्या केसांना मानवलं, मुलीच्या डोळ्यांत गेलं आणि ती तासभर रडली. तिला परत सौम्य शाम्पू. काखेत तुरटी लावते. दुपारपर्यंत वास येत नाही, पण घाम थांबत नाही. 'ॲल्युमिनियममुक्त' म्हणून तुरटीच विकतात, तर तुरटी स्वतःच ॲल्युमिनियमचा क्षार आहे, हे लक्षात ठेवा. टूथपेस्ट बदलली नाही. मुलांच्या दाताला फ्लोराइड हवं, त्यावर मी तडजोड करणार नाही. डांबरगोळ्या मात्र पहिल्याच आठवड्यात घराबाहेर काढल्या. त्यातल्या नॅफ्थलीनने जी-सिक्स-पीडी या रक्तपेशींतल्या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तपेशी फुटतात, आणि कमतरता आहे हे पुष्कळ घरांना माहीतही नसतं. साड्यांत आता वाळलेला कडुलिंब.

'ग्रीन', 'नॅचरल', 'हर्बल' या शब्दांवर मी आता पैसे घालवत नाही. बाटली उलटी करून घटक वाचते. जिथे फक्त 'परफ्यूम' एवढाच शब्द आहे, तिथे आत कायकाय आहे ते आपल्याला कळत नाही, म्हणून बिनवासाचं घेते. सरकारची इकोमार्क ही खूण 1991 पासून आहे, तरी आमच्या दुकानात ती खूण असलेली एकही बाटली मला मिळाली नाही, याची खरोखर खंत वाटते.

ब्लीच घरात अजून आहे, कुलपात. मार्चमध्ये सासऱ्यांना जुलाब झाले तेव्हा संडास त्यानेच धुतला, खिडकी उघडी ठेवून, दुसरं काहीही न मिसळता. आजारपणात जंतू मारायला सालींचं पाणी पुरत नाही.

हे सगळं कुठे जातं याचा विचार आता रोज होतो. आमच्या मोरीचं पाणी नाग नदीत, तिथून कन्हानमध्ये, पुढे वैनगंगेत आणि गोसीखुर्दच्या धरणात. भंडाऱ्याकडच्या गावांना आमचंच सांडपाणी पोचतं. अंबाझरी तलावावर जलपर्णी माजली तेव्हा सगळ्या शहराने पाहिली. सांडपाण्यातलं फॉस्फेट हे तिचं खाद्य.

खर्चात फार बचत झाली असं नाही. वेळ मात्र जातो, आठवड्याला तास-दीड तास, आणि तो माझाच जातो, मावशींवर टाकला नाही. त्यांच्या बोटांच्या भेगा पावसाळ्यापर्यंत बऱ्याच भरल्या आहेत. उरलेल्या तीन घरांत अजून जुनंच चालतं, म्हणून पूर्ण भरल्या नाहीत. परवा त्यांनी जाताना एक रिकामी बाटली पुढे केली, "बाई, थोडं रिठ्याचं पाणी द्या वो, मी त्या घरी घेऊन जाते." भरून दिली. आज सकाळी दुप्पट रिठे भिजत घातलेत.