एक इंच आखूड केलेला ड्रायव्हर: सात महिन्यांच्या वापरानंतर

ड्रायव्हर म्हणजे गोल्फमध्ये टी-वरून (छोट्या खुंटीवरून) लांबचा पहिला फटका मारायचा क्लब, म्हणजे काठी. हा साधाच आहे. ४६० सीसीचं हेड, १०.५ अंश लॉफ्ट (फेसचा, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूचा, मागे झुकाव), ६० ग्रॅमच्या आसपासचा रेग्युलर फ्लेक्स (मध्यम लवचिक) ग्रॅफाइट शाफ्ट, म्हणजे दांडा. दुकानातून आला तेव्हा लांबी ४५.५ इंच होती, आता ४४.५ आहे. वापर नोव्हेंबर ते मे, बहुतेक सगळा बडोद्यात लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातल्या गायकवाड बडोदा गोल्फ क्लबवर.

निकाल आधीच सांगून टाकू: कापल्याचा फायदा झाला. पण नुसता कापून सोडला असता तर तोटाच होता, आणि पहिले दोन आठवडे तो तोटा दिसलाही.

लांब शाफ्टचं गणित चूक नाही. त्रिज्या वाढली की तेवढ्याच फिरकीत हेड जास्त वेगाने जातं. जाहिरातीतले जास्तीचे यार्ड तिथून येतात. पण शाफ्ट जितका लांब, तितकं हेड नेमक्या जागी परत आणणं अवघड. चेंडू टो-कडे (हेडच्या बाहेरच्या टोकाला) किंवा हीलकडे (शाफ्टजवळच्या बाजूला) लागला की अंतरही जातं आणि दिशाही. रोज खेळणाऱ्या अनेक व्यावसायिकांचे ड्रायव्हर ४५ इंचांच्या आतबाहेर असतात आणि हौशी माणसाला दुकान ४५.५ किंवा ४५.७५ चा देतं, ही गंमतच आहे. नियमात कमाल लांबी ४८ इंच आहे. जानेवारी २०२२ पासून वरच्या दर्जाच्या स्पर्धांना स्थानिक नियमाने ४६ ची मर्यादा लावता येते. पटरला (होलमध्ये चेंडू ढकलायच्या क्लबला) दोन्ही लागू नाहीत.

कापण्याआधी एक इंच खाली धरून रेंजवर (सरावाच्या मैदानावर) दोन बादल्या चेंडू मारून बघाच. त्यात उभं राहायचं अंतर कळतं, वजन मात्र कळत नाही. हातांच्या वर उरलेला इंचभर शाफ्ट आणि ग्रिप मागून वजन देतात, त्यामुळे हेड आहे त्याहून हलकं वाटतं. बॅट दांड्यावर खाली धरली की हलकी वाटते, तसंच. तेव्हा या चाचणीवरून लांबी ठरवा, फील ठरवू नका.

कापायचा तो बटकडून, म्हणजे ग्रिपच्या बाजूने. टिपकडून (हेडच्या बाजूने) कापलं तर शाफ्ट फारच कडक होतो आणि परतीची वाट राहत नाही. जुनी ग्रिप ब्लेडने उभी चिरताना ग्रॅफाइटवर ब्लेड दाबू नका. धाग्यांवर ओरखडा गेला की शाफ्ट तिथूनच तुटतो. खालची टेप हेअर ड्रायरने गरम केली की निघते. खुणेवर मास्किंग टेपचे दोन-तीन वेढे द्या आणि इंचाला ३२ दात असलेल्या हॅक्सॉच्या पात्याने, शाफ्ट थोडा थोडा फिरवत कापा. पाइप कटर स्टीलसाठी आहे. ग्रॅफाइटवर तो धागे चिरडतो आणि चीर आत किती गेली हे बाहेरून दिसत नाही. वाइसमध्ये नुसता शाफ्ट आवळू नका, रबराचा तुकडा मध्ये हवाच. कार्बनची धूळ घशात जाते म्हणून तोंडाला मास्क, आणि कापायची जागा ओली ठेवली तर उत्तम.

बटकडचा भाग गेला की उरलेलं टोक केसभर बारीक असतं, म्हणून दुहेरी टेपखाली मास्किंग टेपचा एक थर जास्त द्यावा. नाहीतर ग्रिप बारीक लागते आणि मुठीला ती लगेच जाणवते. ग्रिप मिनरल टर्पेंटाइनने बसवली तर रात्रभर तशीच राहू द्या.

आता वजन. सगळा घोळ इथे होतो. अर्धा इंच कमी केला की स्विंगवेट (फिरवताना हेड किती जड वाटतं त्याचं माप; सी९ च्या पुढचा अंक डी०) साधारण ३ अंकांनी उतरतं. हा क्लब डी३ होता, एक इंच गेल्यावर सी७ वर आला. हातात काठी फिरवल्यासारखं वाटतं, हेड कुठे आहे ते कळत नाही, खाली येताना हात घाई करतात आणि चेंडू डावीकडे ओढला जातो (उजव्या हाताने खेळणाऱ्यांचा). पहिले दोन आठवडे नेमकं हेच होत होतं. "आखूड शाफ्ट मला मानवला नाही" म्हणणारे बरेच जण इथेच थांबतात. दोष लांबीला देतात, गेलेलं असतं वजन.

हेडमध्ये २ ग्रॅम वाढले की स्विंगवेट १ अंक चढतं. म्हणजे ६ अंकांसाठी १२ ग्रॅम. अर्धा इंच रुंदीची शिशाची पट्टी ४ इंच घेतली की सुमारे २ ग्रॅम होते, तेव्हा १२ ग्रॅमला दोन फूट पट्टी! त्यापेक्षा सोलचा (हेडच्या तळाचा) स्क्रू बदलावा. इथे ८ ग्रॅम जड स्क्रू घातला, म्हणजे ४ अंक परत आले. उरलेले २ अंक ८ ग्रॅम हलक्या ग्रिपने मिळाले. ग्रिप ४-५ ग्रॅम हलकी झाली की १ अंक वाढतो. क्लब पुन्हा डी३ च्या जवळ. फ्लेक्सचंही आपोआप जमतं, कारण बट कापल्याने शाफ्ट थोडा कडक लागतो आणि जड हेडने थोडा मऊ.

फरक पाहायचा तर चेंडूवर व्हाइटबोर्ड मार्करचा जाड ठिपका काढा आणि तो भाग फेसकडे करून टी-वर ठेवा. फेसवर डाग उमटतो. आधी दहा फटक्यांचे डाग टो-पासून हीलपर्यंत पसरायचे, आता तीन बोटांच्या रुंदीत बसतात. अगदी मधोमध लागलेला फटका पूर्वीपेक्षा काही यार्ड कमी जातो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तसे फटके आता जास्त लागतात, आणि झाडांत हरवणारे चेंडू कमी झाले.

पट्टी लावणाऱ्यांची एप्रिल-मेमधली एक तक्रार. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत क्लब राहिला की शिशाच्या पट्टीचा गोंद सुटून ती सरकते. स्क्रूला तो त्रास नाही.

हाच हिशेब आयर्नना (कमी अंतराच्या, धातूच्या पातळ हेडच्या क्लबना) जसाच्या तसा लावू नका. तिथे लाय अँगल (शाफ्ट आणि जमीन यांच्यातला कोन) आडवा येतो. अर्धा इंच लांबी वाढवली की लाय साधारण १ अंशाने अपराइट (जास्त उभा) झाल्यासारखा वागतो, कमी केली की फ्लॅट (जास्त कललेला). ड्रायव्हरमध्ये लॉफ्ट कमी असल्याने हे फारसं जाणवत नाही. वेजमध्ये (सगळ्यात जास्त लॉफ्टच्या आयर्नमध्ये) चेंडू सरळ बाजूला जातो. तपासायला चेंडूवर मार्करने उभी रेघ काढा आणि ती फेसला लागेल असा चेंडू ठेवा. फेसवर उमटलेल्या रेघेचं वरचं टोक टो-कडे झुकलं तर क्लब जास्त अपराइट, हीलकडे झुकलं तर जास्त फ्लॅट. फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) आयर्न वाकवता येतात. कास्ट (ओतीव) हेड एक-दोन अंशांपुढे नेलं तर होझलला (शाफ्ट बसतो त्या नळीला) चीर जाऊ शकते. सगळे आयर्न एकाच लांबीचे असलेले सेट मिळतात, पण त्यांत हेडचं वजन आणि लायही एकसारखे केलेले असतात. नुसते शाफ्ट कापून तसा सेट होत नाही.

एका वेळी अर्धाच इंच कापा. जास्त गेलाच तर बटमध्ये एक्स्टेन्शनचा प्लग इपॉक्सीने बसवून इंचभर परत मिळतो. ग्रॅफाइटमध्ये तो जोड कच्चा दुवा असतो आणि प्लगचं वजन मागे पडतं, म्हणजे हेड पुन्हा हलकं वाटणार.